एसएमडी मायक्रोकंट्रोलर घरी बसवताना: पहिल्या बोर्डापासून पंचविसाव्या बोर्डापर्यंत

मला चाळिशीचा चष्मा आहे आणि सकाळच्या दुसऱ्या चहानंतर उजवा हात किंचित थरथरतो. तरीही ०.५ मिलिमीटर अंतरावर पाय असलेली एसएमडी, म्हणजे भोकांत न घालता बोर्डाच्या पृष्ठावरच बसणारी चिप मी साध्या सोल्डरिंग स्टेशनवर बसवतो. त्यात माझं कौतुक फारसं नाही. वितळलेलं शिसं, म्हणजे सोल्डर, तांब्याला आणि पायांना चिकटतं, मधल्या हिरव्या मास्कला, म्हणजे बोर्डावरच्या संरक्षक थराला, चिकटत नाही. पुरेसा फ्लक्स (शिसं नीट पसरवणारा राळेसारखा पदार्थ) असला की शिसं आपली जागा आपणच शोधतं.

म्हणून ‘एवढे बारीक पाय कसे जमणार?’ ही धास्ती बाजूला ठेवा. माझे बोर्ड बिघडले ते सोल्डर करताना क्वचित. बहुतेक वेळा घोळ झाला होता त्याच्या आधी, डिझाइनमध्ये. नाहीतर त्याच्या नंतर, तपासणीचा कंटाळा केल्यामुळे. या लेखातही सोल्डरिंगपेक्षा त्याच्या आगेमागेच जास्त बोलणं होणार आहे.

पहिली चिप कोणती घ्यावी

सुरुवातीला एटीमेगा ३२८पी घ्या, टीक्यूएफपी-३२ पॅकेजमधली, म्हणजे चारही बाजूंना मिळून ३२ पाय असलेल्या चौकोनी आवरणातली. आर्डुइनो उनो या शिकाऊंच्या बोर्डावर असते तीच ही चिप, त्यामुळे कोड ओळखीचा असतो. चिप ७ बाय ७ मिलिमीटरची आणि दोन पायांच्या मध्यांमधलं अंतर ०.८ मिलिमीटर. शिकायला हे अंतर अगदी योग्य आहे. शिवाय भोकांत बसणाऱ्या २८ पायांच्या डीआयपीत नसलेले दोन जादा अॅनालॉग इनपुट मिळतात.

खर्च वाचवायचा असेल तर सीएच३२व्ही००३ बघा. रिस्क-फाइव्ह गाभा, ४८ मेगाहर्ट्झ, १६ केबी फ्लॅश, २ केबी रॅम आणि प्रोग्रामिंगला एकच वायर. तिच्या टीएसएसओपी-२० पॅकेजचे पाय ०.६५ मिलिमीटरवर आहेत. एसटीएम३२एफ१०३सी८टी६ ही ४८ पायांची आणि ०.५ मिलिमीटरची. ती दुसऱ्या-तिसऱ्या बोर्डाला घ्या. ज्याचे पाय पोटाखाली असतात ते क्यूएफएन पॅकेज पहिल्या महिन्यात नकोच.

खरेदी अधिकृत वितरकाकडून करा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चक्कर मारायला मलाही आवडतं. रेझिस्टर, हेडर (पिनांच्या पट्ट्या), वायर तिथूनच आणतो. सुटी चिप मात्र कुठूनही घेतली, तरी ती कुठे आणि किती दिवस उघडी पडली होती हे कळायला मार्ग नसतो, आणि पाय वाकलेले असले तर ते घरी आल्यावरच दिसतात. एसटीएम३२एफ१०३च्या नावाने दुसऱ्याच चिप विकल्या जातात हेही लक्षात ठेवा. अस्सल चिप जोडल्यावर ओपनओसीडी हे चिपशी बोलणारं सॉफ्टवेअर १बीए०१४७७ हा कोड दाखवतं. २बीए०१४७७ आला तर ती चिप एसटीची नाही.

फूटप्रिंट: माझे पंचवीसांतले बावीस बोर्ड कचऱ्यात कसे गेले

शेतातल्या टाकीची पातळी दाखवणाऱ्या एका छोट्या यंत्रासाठी मी एटीटायनी८५ वापरली होती. आठ पाय, दोन बाजूंना पाय असलेलं एसओआयसी पॅकेज, पायांमधलं अंतर १.२७ मिलिमीटर. यात चुकण्यासारखं काय आहे, असं म्हणत सॉफ्टवेअरमधला ‘एसओआयसी-८’ फूटप्रिंट, म्हणजे पायांखालचे तांब्याचे पॅड कुठे असावेत याचा तयार आराखडा, उचलला आणि पंचवीस बोर्ड मागवले. बोर्ड आले, चिप ठेवली, तर तिचे पाय पॅडच्या बाहेर लोंबत होते.

एसओआयसी-८ दोन रुंदींत येतं. एकाचं अंग ३.९ मिलिमीटर रुंद, दुसऱ्याचं सुमारे ५.३. नावाच्या शेवटी ‘२०एसयू’ असलेली एटीटायनी८५ रुंद असते. मी उचललेला फूटप्रिंट अरुंदाचा होता आणि माझ्याकडे होती ती रुंद. पाय आत वाकवून तीन बोर्ड कसेबसे जमवले, बाकीचे सोडून दिले.

तेव्हापासून एक नियम पाळतो. बोर्ड मागवण्याआधी त्याचं चित्र कागदावर छापायचं, पानात बसवण्याचा पर्याय बंद करून बरोबर १०० टक्के मापात. पट्टीने बोर्डाची एक कड मोजून खात्री करायची आणि मग खरी चिप, खरा कनेक्टर, खरं बटण त्या कागदावर ठेवून बघायचं. याचा अर्थ सुटे भाग आधी हातात हवेत आणि बोर्ड नंतर मागवायचे. घाईत आपण नेमकं उलटं करतो.

असाच सापळा रेझिस्टर-कपॅसिटरच्या मापात आहे. इंची पद्धतीतला ०६०३ म्हणजे १.६ बाय ०.८ मिलिमीटर. मेट्रिक पद्धतीतला ०६०३ म्हणजे ०.६ बाय ०.३, शिंक आली तर उडून जाईल इतका. हाताने काम करायचं तर ०८०५ निवडा, जागा कमी असेल तर इंची ०६०३. त्याखाली जाऊन स्वतःला त्रास देऊ नका.

बोर्ड आखताना

प्रत्येक व्हीसीसी (वीजपुरवठ्याच्या) पिनला तिचा स्वतःचा १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर हवा आणि तो पिनला खेटून हवा. टीक्यूएफपीतल्या एटीमेगा ३२८पीला व्हीसीसीच्या दोन पिना आहेत, ४ आणि ६. जमिनीच्या (ग्राउंडच्या) तीन: ३, ५ आणि २१. शिवाय १८ नंबरची एव्हीसीसी, म्हणजे अॅनालॉग भागाच्या विजेची. ‘मी अॅनालॉग वापरत नाही’ म्हणून ती मोकळी सोडणारे बरेच भेटतात. ती जोडावीच लागते, कारण पोर्ट सी मधल्या बहुतेक पिनांची वीज तिथूनच येते. रीसेटला, म्हणजे २९ नंबरला, १० किलोओहमचा रेझिस्टर व्हीसीसीकडे द्या.

प्रोग्रामिंगच्या सहा तारा बाहेर काढल्याशिवाय बोर्ड मागवू नका. डीआयपी चिप उपसून उनोवर नेता यायची, इथे ती सोय नाही. हेडरला जागा नसेल तर नुसते सहा गोल पॅड ठेवा, पुढे पोगो पिनने, म्हणजे स्प्रिंगवर दबणाऱ्या पिनने काम होतं. एसटीएम३२ असेल तर प्रोग्रामिंगच्या एसडब्ल्यूडीआयओ आणि एसडब्ल्यूसीएलके, शिवाय रीसेट, ३.३ व्होल्ट आणि जमीन बाहेर आणा आणि चिपने सुरुवात कुठून करायची हे ठरवणारी बूट-० पिन १० किलोओहमने जमिनीला बांधा. ती तरंगत राहिली तर चिप एकदा तुमचा प्रोग्राम चालवेल आणि एकदा नाही, आणि तुम्ही आठवडाभर कोडमधली चूक शोधत बसाल.

एक नंबरच्या पिनची खूण सिल्कस्क्रीनवर, म्हणजे बोर्डावरच्या छपाईत, चिपच्या बाहेर काढा. आत काढलेली खूण चिप बसल्यावर झाकली जाते आणि नेमकी तेव्हाच बघायची वेळ येते. चिपच्या पाठीवर कधी दोन-तीन गोल खळगे असतात. त्यातले काही साच्याचे असतात. शंका आली तर डेटाशीटमधलं पॅकेजचं चित्र उघडा, अंदाज नको.

०.५ मिलिमीटरच्या चिपसाठी शक्यतो सोन्याचा मुलामा असलेला, म्हणजे एनिग फिनिशचा बोर्ड घ्या. त्याचे पॅड सपाट असतात. साध्या हॅसल फिनिशमध्ये शिशाचे उंचवटे राहतात आणि चिप डुगडुगते. ०.८ ला हॅसल बिनधास्त चालतं.

टेबलावर काय हवं

तापमान नियंत्रित करता येणारं स्टेशन घ्या. आपल्याकडे घरोघरी दिसणारं २५ वॅटचं साधं आयर्न मोठ्या एसओआयसीला पुरतं, पण त्याचं तापमान आपल्या हातात नसतं. टोक सुईसारखं अणकुचीदार नको. नवशिके नेमकं तेच घेतात, कारण पाय बारीक दिसतात. पण अणीवर उष्णता राहत नाही आणि शिसं टोकावर चढून बसतं. २-३ मिलिमीटरचं तिरकं कापलेलं किंवा सुरीच्या आकाराचं टोक घ्या.

शिसं ६३/३७ (कथील/शिसं) प्रमाणाचं, ०.५ मिलिमीटर जाडीचं. ते १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम गोठतं, मधली लगद्यासारखी अवस्था नाही. शिसंविरहित एसएसी३०५ ला २१७ ते २२० अंश लागतात आणि ते हट्टी असतं. विक्रीचा माल परदेशी जाणार असेल तर तिथले नियम बघून ठरवा.

फ्लक्समध्ये कंजुषी नको. इंजेक्शनच्या नळीत येणारा जेल फ्लक्स उत्तम. राळ आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये विरघळवून घरी केलेलाही चालतो. नळजोडणीसाठी मिळणारा आम्लाचा फ्लक्स मात्र अजिबात नको. तो पायांखाली राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं.

याखेरीज बारीक टोकाचा चिमटा, विक म्हणजे शिसं शोषणारी तांब्याची वेणी, आणि घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं १० पटींचं भिंग. डोक्यावरचा पंखा बंद करा. तो सुटे भाग उडवतो आणि टोकही थंड करतो. पण धुराला वाट द्या. साध्या सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, त्रासदायक असतो तो राळेचा धूर, दम्याच्या माणसाला तर फारच. शिसं पोटात जातं ते हातांवाटे, म्हणून काम झाल्यावर हात धुवूनच चहाचा कप उचला.

जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण त्याच्या अर्थिंगची तार भिंतीत कुठेच पोचलेली नसते. अशा सॉकेटवर स्टेशनच्या टोकाला गळतीचा दाब येतो. प्रवाह नगण्य असतो, पण चिपला तो मानवत नाही. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग एकदा तपासून घ्या, स्थिर विजेपासून चिप वाचवणारा मनगटाचा पट्टा त्यानंतरची गोष्ट.

चिप बसवणं

बोर्ड अल्कोहोलने पुसा, आयर्न ३२० ते ३५० अंशांवर ठेवा.

कोपऱ्यातल्या एकाच पॅडवर थोडं शिसं चढवा. त्या कोपऱ्यावर फ्लक्सचा थेंब द्या, चिप चिमट्याने धरून जागी सरकवा आणि ते शिसं वितळवून एक पाय पकडवा. आता थांबा. भिंगातून चारही बाजू बघा. एक बाजू बरोबर आणि समोरची अर्ध्या पायाने सरकलेली, असं पहिल्या वेळी हमखास होतं. तो एकच पाय पुन्हा वितळवून चिप हलकेच फिरवा. एक नंबरची पिन परत बघा. मनासारखं जमलं की तिरप्या समोरच्या कोपऱ्यातला पाय पकडवा. या टप्प्यावर कितीही वेळ घालवा, कारण इथून पुढे दुरुस्ती दहापट अवघड होते.

मग चारही बाजूंना फ्लक्सची ओळ घाला, सढळ हाताने. टोक स्पंजावर पुसून त्यावर मुगाच्या दाण्यापेक्षा कमी शिसं घ्या आणि पाय जिथे पॅडला टेकतात तिथे टोक ठेवून एका दिशेने संथ ओढत न्या, सेकंदाला साधारण दोन पाय. दाबायचं नाही. प्रत्येक पायापाशी शिसं शोषलं जाताना दिसतं, आणि एकदा ते दिसलं की एसएमडीची भीती तिथेच संपते.

शेवटच्या दोन-तीन पायांवर पूल होणार, कारण उरलेलं शिसं तिथे साचतं. घाबरू नका आणि आणखी शिसं तर लावूच नका. टोक स्वच्छ पुसा, पुलावर नवा फ्लक्स घाला, टोक पायांच्या मधून बाहेरच्या दिशेला ओढा. बहुतेक पूल एवढ्यानेच सुटतात. हटला नाही तर विक ठेवून वरून आयर्न टेकवा, आणि शिसं शोषलं की विक आणि आयर्न एकत्र उचला. आयर्न आधी उचललं तर विक गोठून चिकटते आणि ओढल्यावर पॅडसकट निघते. एका बाजूवर पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त घुटमळू नका. जमत नसेल तर बोर्ड थंड होऊ द्या.

तपासणी

जुना टूथब्रश आणि अल्कोहोल घेऊन सगळा फ्लक्स धुवा. चिकट फ्लक्सखाली पूल लपतो. मग भिंगातून बघताना सुईच्या टोकाने एकेक पाय आडवा, अगदी हलक्या हाताने ढकला. न चिकटलेला पाय हलतो. नुसत्या डोळ्यांना तो छान चिकटलेला वाटतो, कारण तो पॅडवर टेकलेला असतो.

वीज देण्याआधी मल्टीमीटरने व्हीसीसी आणि जमीन यांत शॉर्ट नाही ना बघा, मग शेजारशेजारच्या पायांच्या जोड्या. त्यानंतर मीटर डायोडच्या खुणेवर न्या, लाल सळई जमिनीला लावा आणि काळी प्रत्येक पिनच्या मार्गावर पुढे कुठेतरी, हेडरवर किंवा रेझिस्टरच्या टोकाला. चिपच्या आतला संरक्षक डायोड ०.५ ते ०.७ व्होल्टच्या आसपास आकडा दाखवतो. मीटर उघडं दाखवत असेल तर तो पाय जोडलेला नाही. सळई थेट पायावर टेकवू नका, तुमच्याच दाबाने पाय पॅडला लागतो आणि परीक्षा पास होतो.

पहिली वीज प्रवाहाची मर्यादा घातलेल्या सप्लायवरून द्या, ५० मिलिअँपियरवर. असा सप्लाय नसेल तर ५ व्होल्टच्या वाटेत ४७ ओहमचा १ वॅटचा रेझिस्टर मालिकेत टाका. कोरी एटीमेगा ५ मिलिअँपियरसुद्धा ओढत नाही. त्याहून बरंच जास्त जात असेल किंवा चिप बोटाला गरम लागली तर लगेच बंद करा.

आता प्रोग्रामर, म्हणजे चिपमध्ये प्रोग्राम भरणारं यंत्र, जोडा. एटीमेगा ३२८पीची सही, म्हणजे ओळखीचा कोड, १ई ९५ ०एफ अशी वाचता आली की निम्मी लढाई जिंकली. ती न वाचता आल्यास चिप मेली असं समजू नका. कोरी चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला आठाने भागून १ मेगाहर्ट्झवर चालते, आणि प्रोग्रामरचा वेग चिपच्या घड्याळाच्या चौथाईपेक्षा कमी लागतो. एव्हीआरड्यूड या प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘बी’ पर्यायाला १० दिलं की वेग १०० किलोहर्ट्झच्या आसपास उतरतो आणि ‘मेलेली’ चिप बोलू लागते.

८ मेगाहर्ट्झ हवं असेल तर लो फ्यूज (चिपच्या आत साठवलेली सेटिंग) ६२ वरून ई२ करा. क्रिस्टल, म्हणजे घड्याळाचे अचूक ठोके देणारा बाहेरचा भाग, बोर्डावर नसताना क्रिस्टलचा फ्यूज लावू नका, चिप मुकी होते. लागलाच तर ७ नंबरच्या पिनवर बाहेरून चौकोनी लहर द्या आणि फ्यूज परत फिरवा. रीसेट पिन बंद करणाऱ्या फ्यूजला हात लावू नका. आतलं घड्याळ कारखान्यातून १० टक्क्यांपर्यंत चुकू शकतं, म्हणून सिरियल पोर्टवर भिस्त असेल तर क्रिस्टल लावाच.

पंचवीस करायचे असतील तर

दहाच्या वर गेलं की हाताने ओढत बसणं परवडत नाही. बोर्डाबरोबर स्टीलचं स्टेन्सिल, म्हणजे पॅडच्या जागी खिडक्या असलेला पत्रा मागवा, जाडी ०.१२ मिलिमीटर. सोल्डर पेस्ट (शिशाची भुकटी आणि फ्लक्स यांचा लगदा) फ्रिजमध्ये २ ते १० अंशांवर ठेवावी लागते, पण घरच्या फ्रिजमध्ये नको. तिच्यात शिसं असतं, आणि आईने दह्याशेजारी ती डबी पाहिल्यावर जे झालं ते मी इथे सांगत नाही. वापरण्याआधी बंद डबी तीन-चार तास बाहेर राहू द्या, नाहीतर पेस्टवर दव धरतं.

पेस्ट एकाच फटक्यात ओढा, भाग ठेवा, हॉट प्लेटवर १५० अंशांपर्यंत हळू न्या, दीडेक मिनिट १५० ते १८० मध्ये ठेवा आणि मग ६३/३७ च्या पेस्टसाठी २१० ते २२० पर्यंत. पेस्ट चकाकली की वीसेक सेकंदांनी उतरवा आणि गोठेपर्यंत धक्का लावू नका. एकदा पेस्ट तापवलेली भट्टी किंवा तवा स्वयंपाकघरात परत जाता कामा नये.

क्यूएफएन इथेच सोपं होतं. पोटाखालच्या मोठ्या पॅडवर स्टेन्सिलची एक सलग खिडकी ठेवू नका, छोट्या चार-सहा खिडक्या करा, म्हणजे निम्मं ते दोन तृतीयांश क्षेत्र भरेल. पेस्ट जास्त झाली तर चिप तरंगते आणि कडेचे पाय टेकत नाहीत.

हॉट प्लेटबरोबर ओल्या हवेचा प्रश्न येतो. चिपचं प्लास्टिक हवेतलं पाणी शोषतं आणि सगळी चिप एकदम २०० अंशांपार गेली की त्याची वाफ होऊन आतून तडा जातो. आयर्नने पाय तापवताना ही भीती फारशी नसते. पाकिटावर ओलाव्याचा स्तर ३ लिहिला असेल तर उघडल्यापासून १६८ तास मिळतात, तेही ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंत. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये ६० टक्के कुठून आणणार? मुदत टळली तर १२५ अंशांवर भाजा, १.४ मिलिमीटरपर्यंत जाडीच्या स्तर ३ चिपला सुमारे ९ तास. प्लास्टिकच्या पट्टीतून आधी काढा, ती या तापमानाला वितळून वाकते.

सगळे पंचवीस बोर्ड एकदम हॉट प्लेटवर चढवू नका. पहिला एकच करा, पूर्ण तपासा, प्रोग्राम करून रात्रभर चालू ठेवा, मगच बाकीचे. प्रत्येक बोर्डावर मार्करने क्रमांक टाका आणि वहीत त्याचा प्रवाह लिहा. चोवीस बोर्ड १२ मिलिअँपियर घेतात आणि सतरावा १९ घेतो, तेव्हा तो ‘चालतो की’ म्हणून गिऱ्हाइकाला देऊ नका. माझ्या वहीतला असा एक बोर्ड एका कपॅसिटरखालच्या शिशाच्या गोळीमुळे गळत होता.

तपासणीसाठी अॅक्रिलिकच्या दोन पट्ट्यांत पोगो पिना बसवून साचा करा. बोर्ड दाबला की वीज, प्रोग्राम आणि चाचणी एकदम. एक सुट्टीचा दिवस जातो, पण पाचव्या बोर्डापासून वसूल होतो. भाग मागवताना चिप दहा टक्के जादा घ्या, ०८०५ तर शंभराच्या पट्टीतच घ्या. उरलेल्या चिप त्याच दिवशी सिलिका जेल आणि आर्द्रतेच्या ठिपक्यांचं कार्ड घालून जाड पाकिटात बंद करा आणि पाकीट उघडल्याची तारीख वर लिहा.